तारेखालचं झाड

बत्तीस वर्षं मी झाडं छाटली.
निंबाच्या फांद्या, बाभळीचे शेंडे,
शाळेमागच्या गुलमोहराचा तो एक हात
जो दर मे महिन्यात तारेकडे जायचा
आणि दर मे महिन्यात मी खाली पाडायचो.
लोक म्हणायचे, आला लाईनमन, आता सावली जाते.
जायचीच.

रिटायर झालो तेव्हा पंचफुला म्हणाली,
"आता एखादं लावसान का नाही हातानं?"

आंगणावरून लाईन जाते, घरगुती, चार तारांची.
कोपऱ्यातला खांब मीच उभा केला, अठ्ठ्याऐंशी साली.
जुन्या बांबूनं मोजलं, मातीपासून तारेपर्यंत
एकोणीस फूट.
आंबा बाद. निंब बाद. चिंचेचं तर नावच नको.
मग कांचन.
पंधरा फुटांत ज्याचं सगळं भागतं.

वर्ध्याच्या नर्सरीतून एसटीत मांडीवर आणलं.
गुडघ्याएवढं. पान बैलाच्या खुरासारखं, मधोमध चिरलेलं.
कंडक्टर म्हणाला, "हाफ तिकीट काढू का याचं?"

आमची माती काळी.
उन्हाळ्यात भेगेत किल्ल्यांचा जुडगा जातो,
पावसाळ्यात तीच भेग मिटून मुळं कुजवते.
म्हणून खड्ड्याच्या तळाला मुरूम,
वर दोन घमेली शेणखत,
उधईसाठी मूठभर निंबोळीची पेंड.
शेजारी मडकं पुरलं, त्याच्या बुडातून
पंचफुलाच्या लुगड्याची वात.

उकंडराव भिंतीवरून बघत होता.
"याले फळ काय लागते?"
काही नाही.
"लाकूड?"
नाही.
"मंग काहून लावतं बावा?"
मी मडक्यात पाणी ओतत राहिलो.

पहिला मे त्यानं लुगड्याच्या मांडवाखाली काढला.
दुसऱ्या वर्षी उकंडरावाची बकरी आली
आणि घोट्याएवढा खुंट ठेवून गेली.
आठवडाभर मी तिकडं बघितलं नाही.
मग खुंटातून चार कोंब.
एक ठेवायचा, तीन काढायचे,
नाहीतर झाडाचं झुडूप होतं, एवढं मला कळतं.
कात्री घेऊन बसलो.
सकाळ गेली, चहा निवला.
बत्तीस वर्षांत कापायला इतका वेळ
कधी लागला नव्हता.

चौथ्या माघात पानं झडली.
मला वाटलं, गेलं.
पंचफुला म्हणाली, थांबा.
पऱ्हाटीचा शेवटचा वेचा सुरू होता,
ती वावरातून आली, डोक्यावर गाठोडं तसंच,
आणि फाटकात उभी राहिली.
नुसत्या काड्यांवर गुलाबी फुलं,
प्रत्येकात एक पाकळी जरा गडद,
कुणी कुंकवाचं बोट पुसल्यासारखी.
तिनं एक मोजलं. पाच पाकळ्या.
"माह्या नावाचं हाये," म्हणाली,
आणि गाठोडं उतरवायला हात मागितला.

यंदा पावसाळ्याआधीच्या छाटणीला
नवा पोरगा आला, रुपेश मडावी,
बांबूला कोयता बांधून.
वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर.
"काका, हे तर तारेले लागतच नाही."
कोयता भिंतीला टेकवून विचारतो,
"चार कवळी पानं घेऊ का? माय भाजी करते याची."
दुपट्टा भरून दिली.

भिंतीवरून उकंडराव:
"म्हंजे खाता येते? आंधी सांगाचं ना बावा!"

शेंडा आणि तार यांच्यात
चार फूट आभाळ ठेवलं आहे.
मी दर फुलोऱ्यानंतर मोजतो.

दुपारी गाव झोपतं तेव्हा
वाळलेल्या शेंगा तडकतात, फट्ट.
मी अजूनही दचकून खांबाकडे बघतो,
फ्यूज गेला म्हणून.
पंखा फिरत असतो.
बी उडून भिंतीपलीकडे पडलेलं असतं,
जिथं बकरी बांधलेली असते.